बिब्ब्याची तार

आमच्या वाडीत चिकूची अकरा झाडं सासऱ्यांच्या हातची, आणि बारावं आमच्या ह्यांच्या हातचं. मी सांगते ती त्या बाराव्याची गोष्ट. ह्यांनी शहात्तर साली विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात, समुद्राच्या अंगाला ते कलम लावलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ताप डोक्यात जाऊन हे गेले. तेव्हा कलम गुडघ्याएवढं होतं आणि बळवंत माझ्या खांद्याएवढा. दोघांना मी वाढवलं. बळवंत उलटून बोलायचा, झाड बोलायचं नाही. माझा जीव कुठं जास्त होता ते विचारू नका.

पुढं बळवंत बोईसरला कारखान्यात लागला, पाळीपाळीनं सायकल मारीत जायचा. त्याचं लग्न झालं, सुलू घरात आली. मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "आई, त्या कोपऱ्यात चार खोल्या काढू. सरावलीला बघ, कामगार रांगेनं उभे राहतात खोलीसाठी."

"त्या कोपऱ्यात तुझ्या बापाचं झाड हाय."

"एका झाडासाठी एवढी जागा?"

"झाड उभं हाय तोवर तिथं वीट लागायची नाय," मी म्हटलं. "पडलं तर बांध, मी आडवी येणार नाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते वाक्य त्यानं बरोबर ध्यानात ठेवलं.

आता पुष्पलतेचं सांगते. वाडीच्या कुंपणापलीकडं बांध, बांधापलीकडं कोळीवाडा, आणि तिथलं पहिलं घर तिचं. नवरा होडीवर. तिच्या अंगणात बोंबील वाळवायला जागा पुरत नसे, म्हणून माझ्या सासूच्या वेळेपासून दिवाळी ते होळी तिच्या घरची वलांडी आमच्या त्या कोपऱ्यात लागायची. बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या, आणि दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे. त्याच्या बदल्यात ती आमच्या झाडांना मासळीचं खत द्यायची. डोकी, आतडी, सडका सुका, सगळं पाटीत भरून डोक्यावरून आणायची. वास असा की सुलू नवी असताना दोन दिवस जेवली नव्हती. पण त्या खतावरचे चिकू खाल्लेला माणूस दुसरीकडचे चिकू तोंडात धरत नाही.

मी आणि पुष्पी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या किनाऱ्यावर आलो. हे गेले तेव्हा बारा दिवस माझ्या घरची चूल तिनं पेटवली. तिला मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, मग राहिलंच नाही. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि मी विचारायची नाही.

एकोणऐंशी सालच्या चैत्रात त्या झाडाला पहिला फुलोरा आला. पुष्पी पाटी उतरवून उभी राहिली, झाडाच्या खोडावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "काय गं बाय, केवढं गोंडस! माझ्या दारात असतं तर!"

एवढंच. सासूबाईंनी ओटीवरून ऐकलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "बिनलेकराच्या बाईची नजर लागते, वत्सले. पहिला बहार हाय. काहीतरी बांध."

मी नको म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं नाही. उलट मनात आलं, बांधलं तर बिघडलं काय? बिब्बा घेतला, काळी चिंधी घेतली. दोरा पावसात कुजतो, म्हणून छपराच्या तारेचा तुकडा घेतला, त्यात दोन्ही ओवून मनगटाएवढ्या खोडाला गुडघ्याच्या वर पक्का वेढा दिला आणि पकडीनं पीळ मारला.

दुसऱ्या दिवशी पुष्पी खत घेऊन आली. झाडाकडं बघितलं, पदर सारखा केला, पाटी रिकामी केली आणि गेली. त्या दिवाळीला तिनं वलांडी दरवर्षीपेक्षा चार हात लांब रोवली. मला वाटलं, झाडाला खारं पाणी लागू नये म्हणून. मी खूशच झाले.

मग वर्षं गेली. सासूबाई गेल्या, चिंधी कुजली, बिब्बा कुठं गेला कोणास ठाऊक. झाडानं खोड भरलं, सालीनं तार पोटात घेतली, आणि मी ती विसरले ती विसरलेच.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्या झाडानं कमाल केली. फांद्या जमिनीला टेकल्या, बांबूंचे टेकू लावले. फळ मुठीत मावेना. आणि गोडी अशी की चाकूला साखर चिकटावी. बाजारात टोपली उतरवली की व्यापारी इतर बायकांना सोडून माझ्याकडं यायचा. मी सगळ्या आळीला ऐकवलं, "आमच्या ह्यांच्या हातचं झाड हाय, तसं कुणाला जमलं नाय." पुष्पीला नेहमीप्रमाणं वाटा दिला, पण दुसऱ्या झाडांचा. त्या झाडाचं फळ मी तिला कधी दिलं नाही. खोटं का बोलू?

पुढच्या भाद्रपदात शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. आधी दोन फांद्या, मग चार. फुलोरा आला तो गळून गेला. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. सुलू आणि मी रोज संध्याकाळी विहिरीवरून वीस वीस हंडे त्या आळ्यात ओतायचो. सुलूला पाचवा महिना लागला होता, मी तिला थांबवलं आणि एकटी ओतायला लागले. कंबर मोडायची. झाडाला काही फरक नाही. उलट बुंध्याशी, जमिनीलगत, फुटवे यायला लागले. आमच्याकडं चिकूचं कलम रायणीच्या रोपावर बांधतात, खाली रायण आणि वर चिकू. खालून रायण फुटली की ती मोडायचीच, नाहीतर ती वरचा जीव खाते. हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी एकेक फुटवा अंगठ्यानं मोडून टाकला.

दिवाळीला पुष्पी बांबू घेऊन आली. मी कंबरेला हात लावून उभीच होते.

"ह्या साली वलांडी नको," मी म्हटलं.

"का गं, वत्सूबाय?"

"डोळे हायत ना? बघ झाडाकडं. तुझ्या बोंबलाचं खारं पाणी गळून गळून मूळ जळलं. आणि खतात मीठ असतं ते येगळंच."

ती शांतपणे म्हणाली, "तेच खत अकरा झाडांना जातं. ती का नाय जळली?"

"ती लांब हायत."

"माझी वलांडी पण लांब हाय."

खरं बोललं की नाकाला मिरच्या झोंबतात. माझ्या झोंबल्या. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण एक आठवतं. मी म्हटलं, "तुझा पायगुणच तसला!"

 तिनं बांबू परत खांद्यावर घेतले. एक बांबू घसरून पडला तो उचलायला वाकली, तेव्हा तिची नजर झाडाच्या खोडावर गेली. गुडघ्याच्या वर. क्षणभर तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होती, आणि मिटलं. मी म्हटलं, "बघतेस काय?" ती म्हणाली, "काय नाय," आणि बांध ओलांडून गेली.

तो हिवाळा मी तिच्याशी बोलले नाही. तिचे बोंबील रस्त्याकडेला वाळत होते, कुत्री ओढून नेत होती, ते दिसायचं. मी मान वळवायची. फाल्गुनात सुलूला मुलगी झाली. बारशाला सगळी आळी आली. पुष्पी आली नाही, कारण मी बोलावलंच नव्हतं. पण सकाळी ओटीवर केळीच्या पानात गुंडाळलेला सुका जवळा होता, बाळंतिणीसाठी. कोणी ठेवला ते सुलूनं विचारलं. मी म्हटलं, मांजरानं.

ज्येष्ठात झाडाची अर्धी पानं गेली. बळवंत सुट्टीच्या दिवशी फीत घेऊन कोपऱ्यात गेला आणि मापं घ्यायला लागला. मी विहिरीवर उभी राहून बघत होते.

"अजून मेलं नाय ते!" मी ओरडले.

"मी कुठं तोडतोय? नुसतं माप घेतोय," तो म्हणाला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, पावसाळा बघू. दसऱ्याला पालवी नसली तर पाया खणतो. तूच बोलली होतीस."

त्याचं चुकत नव्हतं. घरात आता बाळ होतं, खोल्यांचा आधार झाला असता. पण मला रात्रंदिवस ते झाड दिसायचं. ह्यांचं दुसरं काही माझ्याकडं नव्हतं. एक फोटो होता तोही वाळवीनं अर्धा खाल्लेला.

श्रावण लागला तशी मी बेटेगावहून महादूला बोलावलं. महादू कलमं बांधणारा, साठीचा म्हातारा. त्याच्या हाताची कलमं ह्या पट्ट्यात सगळ्या वाड्यांत आहेत, आणि त्याचं तोंड माझ्याहून तिखट. आला, छत्री मिटली, झाडाभोवती एक फेरी मारली. पानांकडं बघितलंच नाही. खाली उकिडवा बसला आणि खोडावरून बोटं फिरवायला लागला.

"वयनी, हिकडं या. हात लावा."

मी हात लावला. गुडघ्याच्या वर खोडाला माठासारखा फुगवटा होता, आणि त्याच्या खाली खोड एकदम बारीक. इतकी वर्षं रोज बघत होते आणि दिसलं नव्हतं.

"वर हत्ती, खाली काठी," महादू म्हणाला. कमरेची सुरी काढली आणि फुगवट्याच्या खालच्या घडीत घातली. पांढरा चीक ओघळला. मग खट् असा आवाज आला.

त्यानं सुरीच्या टोकानं उकरून गंजलेली तार बाहेर ओढली. ती तुकड्यातुकड्यानं आली. एका तुकड्याला काळं, सुकलेलं काहीतरी चिकटलं होतं. तो तुकडा मी उचलून मुठीत घेतला.

सुलू मुलीला काखेत घेऊन उभी होती. "कसली तार, आई?"

"असंल कुंपणाची," मी म्हटलं.

"कुंपणाच्या तारेला बिब्बा कोन बांधतं, वयनी?" महादू हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"तारेनं एवढं मोठं झाड मरतं?" सुलूनं विचारलं.

"मरतं. पर उपाशी मरतं, तहानेनं नाय," महादूनं सुरी धोतराला पुसली. "हे बघ पोरी. मूळ पानी वर धाडतं, ते आतल्या लाकडातनं. तार लाकडात गेली नाय, म्हनून पानी चढत व्हतं, पानं लई दिवस हिरवी दिसली. पर झाडाची चूल वर असते, पानांत. उन्हावर जेवान शिजतं ते तिथं. आनि शिजलेलं जेवान खाली मुळाला येतं ते सालीतनं. साल हितं कापली गेली. ताट वरच्या वर अडकलं."

"म्हणून त्या साली फळ तसं..." मी म्हटलं.

"गोड लागलं व्हतं ना? लागनारच. मुळाच्या वाटनीचं फळानं खाल्लं."

"आणि मी ओतलं ते खत? ते पाणी?"

"उपाशी मानसाला विहीर उपसायला लावली तुमी," महादू म्हणाला. "त्याच्या अंगात त्रान नाय, तो काय उचलनार? हे बघा, ही रायन फुटलीय बुडातनं. ती का फुटते? मूळ आपली येगळी चूल मांडतंय. मोडले का फुटवे?"

मी मान हलवली. किती मोडले त्याचा हिशेबच नव्हता. पावसात गेले दोन महिने कंबर धरली म्हणून वाकता आलं नव्हतं, तेवढ्यात पाच फुटवे मांडीपर्यंत वाढले होते. माझी कंबर मोडली ते झाडाच्या पथ्यावर पडलं.

"हे पाच हायत तर जमंल," महादू म्हणाला. "ह्यांचे शेंडे तासून फुगवट्याच्या वर सालीत बसवायचे. पाच वाटा व्हतील. जेवान तारेच्या जागेला वळसा घालून खाली येईल. पर बांधायचं कशानं? केळीच्या खोडाचा सोप ह्या पावसात आठ दिवसांत कुजंल. जाळ्याचा दोरा पायजे. आनि गाठ अशी पायजे की धरंल पर कापनार नाय, आनि खोड भरलं की सैल करता यील. ती गाठ मला येत नाय. ती कोळ्यांची."

मग तिघांनीही बांधाकडं बघितलं.

"सुलूला धाडा," महादू म्हणाला.

"नको. मीच जाते."

चिखलातून बांध उतरले. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. पुष्पी पडवीत जाळं पसरून बसली होती, पायाच्या अंगठ्यात दोरा धरून त्याचे फाटलेले डोळे विणत होती. मी पागोळ्यांखाली उभी राहिले. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. डोक्यावर पाणी पडत होतं.

"पुष्पे, झाड बांधायचंय. महादू आलाय. तुझा दोरा पायजे, आणि तुझी गाठ."

सुई चालूच होती. "माझ्या मिठानं जळलं ना झाड?"

"मिठानं नाय."

"मग?"

मी मुठीतला तुकडा पुढं केला. गंजलेली तार आणि त्याला चिकटलेला बिब्बा. 

तिनं बघितलं. हातात घेतलं नाही. सुई जाळ्यात खोचून ठेवली, कोनाड्यातलं दोऱ्याचं रीळ घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि माझ्या पुढं चालायला लागली.  मला वाटत होतं, शिव्या दे, काहीतरी बोल.

वाडीत महादूनं तोवर तयारी केली होती. पहिल्या फुटव्याचा शेंडा पाचरीसारखा तासला, फुगवट्याच्या वर सालीत उभी चीर दिली, शेंडा आत सरकवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. "बांध बाय," तो म्हणाला.

पुष्पी दोऱ्याचं टोक हातात घेऊन उभीच राहिली. झाडापासून हातभर लांब. माझ्याकडं वळून म्हणाली,

"मी हात लावू?"

तेवढे तीन शब्द. मी चिखलातच खाली बसले. तिला ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं. वलांडी चार हात लांब का गेली, खताची पाटी ती दुरूनच का ओतायची, फळ तोडताना ती ह्या झाडाला सोडून दुसरीकडं मदतीला का जायची, सगळं माझ्यासमोर आलं.

"लाव गं," मी म्हटलं आणि रडायला लागले. "लाव, मेले, लाव."

महादू म्हणाला, "रडायचं ते मागनं रडा, माझा अंगठा दुखतोय."

तिनं बांधलं. बोटं अशी चालली की बघत राहावं. वेढ्यावर वेढा, मध्ये कापडाची घडी, आणि शेवटी एक गाठ जी ओढली की बसते आणि उलट ओढली की सुटते. पाच फुटवे बांधायला दुपार टळली. महादूनं वर शेण-माती लिंपली, अर्ध्या फांद्या छाटून टाकल्या आणि चहा पिऊन गेला. जाताना सांगून गेला, "दसऱ्यापातुर कळंल. आनि खत नको आता, हात जोडतो."

आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो. सुलूनं चहा आणून ठेवला आणि शहाण्यासारखी आत गेली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. बिब्बा कुणासाठी बांधतात ते मला कळत नाय का, वत्सूबाय? आदल्या दिवशी मीच हात फिरवला होता." तिनं बशीतला चहा फुंकला. "लई लागलं. घरी जाऊन रडले. नवरा म्हणाला, खत बंद कर. मी म्हटलं, झाडानं काय केलंय?"

"आणि तार रुतत होती ती..."

"ती पण दिसत होती. तिसऱ्या चौथ्या सालापासून. दर दिवाळीला मनात यायचं, सांगावं, तार आवळतेय गं, ढिली कर." तिनं बशी खाली ठेवली. "पण सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की मला ठाऊक हाय. मग तू माझ्या तोंडाकडं कशी बघितली असतीस? मला तुझ्याकडं येणं सोडायचं नव्हतं. दुसरं कोण हाय मला हिथं?"

  मी नजर लागू नये म्हणून तार बांधली, आणि तिनं मला शरम वाटू नये म्हणून तोंड बांधलं. दोघींच्या मध्ये ते झाड नऊ वर्षं गळा धरून उभं होतं.

सुलूची मुलगी आत रडायला लागली. मी उठले, तिला आणली आणि पुष्पीच्या मांडीवर दिली. पुष्पीनं दोन्ही हात मागं घेतले. "राहू दे गं," ती म्हणाली, "लहान हाय."

"धर," मी म्हटलं. "नायतर पडंल."

मग तिनं धरलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बळवंत कुदळ घेऊन कोपऱ्यात गेला आणि तशीच परत घेऊन आला. "पाचातले तीन फुटवे धरलेत," म्हणाला. "शेंड्याला बोटभर पालवी आहे." फीत त्यानं खुंटीला टांगली. खोल्या पुढं रस्त्याच्या अंगाला दोनच काढल्या, तिथं एक बिहारी कुटुंब आणि एक शाळामास्तर राहतो. चार झाल्या असत्या असं तो अजून अधूनमधून म्हणतो, मी ऐकलं न ऐकलं करते.

दिवाळीला वलांडी लागली. झाडाला लागून. तिसऱ्या वर्षी फळं धरली, थोडीच, आणि गोडीला साधी. त्यातली पहिली पाटी बांधापलीकडं गेली.

झाड आता बुंध्याशी चमत्कारिक दिसतं. तीन रायणी मांडीएवढ्या जाड होऊन खोडाला बाजूनं टेकल्या आहेत, नवीन माणूस विचारतो हे काय. वाऱ्यानं सुटू नयेत म्हणून पुष्पी दर साली त्यांना नवा दोरा बांधते. परवा मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. पुष्पी बोंबील काढता काढता वाकली, झाडाच्या खोडावरून तळवा फिरवला आणि तिथूनच सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"वत्सूबाय! हिथला दोरा आवळतोय गं! ढिला करायला पायजे!"

मी म्हटलं, "मग कर की. विचारतेस काय?"